तुमच्या कॉम्प्युटरला खंडाळ्याचा घाट माहितीये का?

हायब्रिड गाडीचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न मायलेजचा, दुसरा "बॅटरी गेली तर केवढ्याला पडते" आणि तिसरा, जो फक्त मला विचारला जातो कारण मी या धंद्यात आहे, की "तुम्ही लोक दिवसभर स्क्रीनसमोर बसून गाडी कशी काय बनवता?" पहिल्या दोघांवर यूट्यूबवर ढिगाने व्हिडिओ आहेत, तिसऱ्यावर मराठीत फारसं काही वाचायला मिळालं नाही म्हणून हा पसारा मांडतेय. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी एक गोष्ट क्लिअर करते. साध्या पेट्रोल गाडीत मायलेज बऱ्यापैकी इंजिनात आणि वजनात असतं. इंजिन चांगलं, गाडी हलकी, टायर बरे, की बाकी सगळं चालवणाऱ्याच्या उजव्या पायावर. हायब्रिडमध्ये तेच इंजिन, तीच मोटर, तीच बॅटरी घेऊन तुम्ही झकास मायलेज पण काढू शकता आणि साध्या गाडीपेक्षा वाईट पण काढू शकता, कारण दर क्षणाला आत कुणीतरी ठरवत असतं की आत्ता इंजिन चालू ठेवायचं का बंद, चालू असेल तर चाकाला लागते तेवढीच ताकद काढायची का थोडी जास्त काढून बॅटरीत टाकायची, मोटरने मदत करायची का गप्प बसायचं. पेट्रोल इंजिनाची खोडच अशी की त्याला थोडंथोडकं काम दिलेलं आवडत नाही. चांगल्या लोडवर एक किलोवॉट-तास काम करायला ते साधारण २३०-२४० ग्रॅम पेट्रोल खातं, पण लक्ष्मी रोडवर रांगताना तेवढ्याच कामाला दुप्पट सुद्धा खातं, आणि सिग्नलला उभं असताना काम शून्य आणि खाणं चालूच. मोटर आणि बॅटरी कशाला, तर इंजिनाला त्याच्या आवडत्या पट्ट्यात ठेवायला, आणि ते जमत नसेल तेव्हा सरळ झोपवायला. म्हणजे हायब्रिडचं मायलेज लोखंडात कमी आणि निर्णयात जास्त असतं. आणि निर्णय कागदावर गणित मांडून तपासता येत नाहीत, कारण आत्ता घेतलेल्या निर्णयाचा परिणाम पाच मिनिटांनी बॅटरीत दिसतो. ते तपासायला पूर्ण प्रवास कॉम्प्युटरवर सेकंदा-सेकंदाने चालवून बघावा लागतो, म्हणजेच सिम्युलेशन, आणि तेच आमचं काम.

प्रियसचंच घ्या ना. १९९० च्या दशकात टोयोटात जी२१ नावाचं प्रोजेक्ट सुरू झालं, एकविसाव्या शतकाची गाडी वगैरे, प्रमुख होते ताकेशी उचियामादा. आधी टार्गेट होतं तेव्हाच्या गाडीच्या दीडपट मायलेज, आणि ते इंजिन-गिअरबॉक्स सुधारून ओढूनताणून जमलं असतं. मग वरून अकिहिरो वादा यांनी सांगितलं दीडपट नको, दुप्पट करा. बॉस लोक सगळीकडे सारखेच. दुप्पट म्हटल्यावर हायब्रिडशिवाय रस्ताच उरला नाही. पण हायब्रिड म्हणजे कुठलं? मोटर कुठे लावायची, एक का दोन, क्लच किती, इंजिन चाकाला थेट जोडायचं का नुसतं जनरेटर फिरवायला ठेवायचं, अशा जवळपास ८० रचना त्यांच्यासमोर होत्या. आता ८० प्रकारच्या गाड्या बनवून कोण बघणार, आणि तेही अशा कंपनीत जिथे डेडलाइन लांबवली जात नव्हती, उलट अलीकडे ओढली जात होती. ते चाळण्याचं काम कॉम्प्युटरवर झालं, शेवटी मोजक्या चार उरल्या आणि त्यातून आजही जी चालते ती दोन मोटर आणि एका ग्रहमाला गिअरची रचना निवडली गेली. डिसेंबर १९९७ मध्ये गाडी जपानात विक्रीला आली, तिथल्या १०-१५ मोड टेस्टवर लिटरला २८ किमी.

त्या गिअरवर जरा थांबते कारण मला स्वतःला ती गोष्ट जाम आवडते. प्लॅनेटरी गिअर, मधे सूर्य, भोवती ग्रह, बाहेर रिंग. प्रियसमध्ये सूर्याला ३० दात आणि रिंगला ७८. सूर्याला छोटी मोटर-जनरेटर जोडलेली, रिंगला मोठी मोटर आणि तिथूनच चाकं, आणि ग्रह ज्या चौकटीवर बसतात त्या चौकटीला इंजिन. नियम एकच: सूर्याचा वेग गुणिले ३०, अधिक रिंगचा वेग गुणिले ७८, बरोबर इंजिनाचा वेग गुणिले १०८. बास. गिअर बदलणं नाही, क्लच नाही, बेल्ट नाही. इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, कायम ७२ टक्के चाकाकडे आणि २८ टक्के जनरेटरकडे वाटला जातो, त्यात कुणाला काही करता येत नाही, पण वेग मात्र छोट्या मोटरचं फिरणं कमी-जास्त करून हवा तसा मिळतो. म्हणजे गाडी ताशी ४० ने जात असताना इंजिन १२०० आरपीएमवर (मिनिटाला १२०० फेरे) ठेवा नाहीतर ३००० वर, तुमची मर्जी.

आता याच नियमातून निघणारी एक भानगड बघा. इंजिन बंद आहे, गाडी बॅटरीवर चाललीये, म्हणजे इंजिनाचा वेग शून्य. मग रिंग २५०० वर फिरली की सूर्याला उलट दिशेने ६५०० वर फिरावंच लागतं, ७८ भागिले ३० म्हणजे २.६ पट. पहिल्या प्रियसमधल्या त्या छोट्या मोटरची मर्यादाच ६५०० च्या आसपास होती, त्यामुळे ताशी ६५-७० च्या वर गेलं की पेट्रोल लागो न लागो, इंजिन फिरवत ठेवावं लागायचं, नाहीतर मोटरचा चोथा. पुढच्या मॉडेलमध्ये ती मोटर १०,००० पर्यंत फिरेल अशी केली आणि तो उंबरठा वर सरकला. ही गोष्ट लोखंड कापायच्या आधी स्क्रीनवर दिसते. कॉम्प्युटरमधलं गाडीचं मॉडेल चालवलं की छोट्या मोटरच्या वेगाची रेघ लाल पट्टीला जाऊन चिकटते आणि मग डिझाइनवाल्यांना फोन करायचा की रोटर (मोटरचा फिरणारा भाग) अजून घट्ट बांधा नाहीतर दातांची संख्या बदला. असे फोन करताना भांडणं होतात, पण ते वेगळं.

अमेरिकेत त्याच सुमारास वेगळ्या अंगाने हेच चाललं होतं. १९९३ मध्ये क्लिंटन सरकारने तिथल्या तीन मोठ्या कंपन्यांना हाताशी धरून ८० मैल प्रति गॅलनची फॅमिली कार करायचं ठरवलं, आणि कोलोरॅडोतल्या गोल्डन गावच्या एनआरईएल या सरकारी लॅबने १९९४ मध्ये अॅडव्हायझर नावाचं सिम्युलेशन टूल बनवायला घेतलं, मॅटलॅब-सिम्युलिंक या गणिती सॉफ्टवेअरवर. पुढे १९९८ पासून ते नेटवर फुकट मिळायला लागलं आणि जगभरच्या एम.टेक. पोरापोरींचं भलं झालं, आपल्याकडच्याही. त्याची ट्रिक साधी होती: गाडी उलटी चालवायची. म्हणजे गाडीने हा वेग गाठलाच असं आधीच धरायचं, मग त्या वेगाला चाकावर किती जोर लागला असेल, त्यासाठी गिअरबॉक्सला किती, त्यासाठी मोटर आणि इंजिनाला किती, असं चाकाकडून टाकीकडे मागे मागे जायचं. ड्रायव्हर नाही, पॅडल नाही, पूर्ण सायकल, म्हणजे कुठल्या सेकंदाला किती वेग हे ठरवून दिलेला टेस्टचा प्रवास, काही सेकंदात संपते आणि रात्रीतून शेकडो कॉम्बिनेशन उडवता येतात. सुरुवातीला चाळणी लावायला याच्यासारखं काही नाही.

पण खऱ्या गाडीतला कंट्रोलर, म्हणजे हे सगळे निर्णय घेणारा कॉम्प्युटर, उलटा विचार करत नाही, त्याला भविष्यातला वेग माहीत नसतो, त्याच्याकडे येतं ते फक्त पॅडल. म्हणून डिझाइन पुढे गेलं की सरळ दिशेने चालणारं मॉडेल लागतं, ज्यात एक नकली ड्रायव्हर बसवलेला असतो जो हव्या त्या वेगापेक्षा गाडी मागे पडली की पॅडल दाबतो आणि पुढे गेली की ब्रेक मारतो. हा ड्रायव्हर अतिशय सभ्य असतो. हॉर्न वाजवत नाही, रिक्षा आडवी आली म्हणून शिव्या देत नाही, फोन घेत नाही. पुण्यात तो एक दिवस टिकणार नाही.

आता आमच्याकडे नवीन आलेली पोरं जिथे हमखास आनंदाने नाचत येतात ती जागा सांगते. मॉडेल जोडलं, रन मारला, उत्तर आलं लिटरला ४१ किमी. पेढे वाटायचे बाकी. मग सिनियर माणूस एकच प्रश्न विचारतो, एसओसी किती होता सुरुवातीला आणि किती आहे शेवटी? एसओसी म्हणजे बॅटरीत किती टक्के चार्ज आहे ते. सुरुवातीला ६५, शेवटी ४४. झालं. म्हणजे प्रवासाचा बराच तुकडा बॅटरीतल्या आधीच्या विजेवर मारलाय. वाण्याकडे उधारीचं खातं असतं तसं आहे ते, महिनाभर पैसे न देता सामान आणलं म्हणून घरखर्च कमी झाला असं कुणी म्हणत नाही, महिनाअखेरीला वही बघायची. प्लग नसलेल्या हायब्रिडमध्ये शेवटी सगळी वीज पेट्रोलमधूनच आलेली असते, ब्रेकमधून परत मिळालेली सुद्धा, कारण गाडीला तो वेग दिला कुणी तर पेट्रोलनेच. म्हणून सुरुवातीचा आणि शेवटचा एसओसी जुळेपर्यंत तेच रन परत परत चालवायचं, किंवा फरकाचं पेट्रोलमध्ये रूपांतर करून हिशोबात धरायचं. हे न करता दाखवलेल्या हायब्रिडच्या आकड्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही, मग स्लाइड कितीही रंगीत असो.

निर्णय कोणते घ्यायचे हे ठरवायची एक फार सुंदर पद्धत आहे, डायनॅमिक प्रोग्रॅमिंग, बेलमन नावाच्या गणितज्ञाने १९५० च्या दशकात काढलेली. पूर्ण रस्ता आधीच माहीत आहे असं धरायचं, शेवटच्या सेकंदापासून उलटं यायचं, आणि प्रत्येक सेकंदाला प्रत्येक एसओसीवर "इथून पुढे कमीत कमी पेट्रोल किती" हे लिहीत जायचं. समजा सायकल ११८० सेकंदांची, एसओसीचे १०० कप्पे केले आणि प्रत्येक ठिकाणी इंजिन-मोटर वाटणीचे २० पर्याय, तर २३ लाख ६० हजार हिशोब होतात, साध्या लॅपटॉपवर होतात. हेच सगळे पर्याय एकापुढे एक लावून बघायला गेलात तर विश्व संपेल पण रन संपणार नाही. यातून मिळतं ते त्या लोखंडाचं त्या रस्त्यावरचं सर्वात चांगलं शक्य उत्तर. ते गाडीत टाकता येत नाही कारण पुढचा रस्ता गाडीला माहीत नसतो, पण तुमचा रोजचा कंट्रोलर त्या उत्तराच्या किती जवळ पोचला हे मोजायला पट्टी म्हणून उत्तम. मिशिगन विद्यापीठातल्या लोकांनी २००३ च्या सुमारास एका हायब्रिड ट्रकवर हेच केलं, डायनॅमिक प्रोग्रॅमिंगचं उत्तर काढलं आणि त्याकडे बघून साधे नियम लिहिले जे ट्रकमधल्या कंट्रोलरला झेपतील.

एक गंमत म्हणजे गणिताला माणसं कळत नाहीत. पहिल्यांदा हे चालवलं की उत्तरात इंजिन दोन सेकंद चालू, एक सेकंद बंद, परत तीन सेकंद चालू, असं भुताने झपाटल्यासारखं करतं. पेट्रोल खरंच वाचतं, त्यात खोट नाही, पण अशा गाडीत बसलेला माणूस पहिल्या सर्व्हिसिंगलाच गाडी परत करेल. मग इंजिन चालू करण्याला दंड लावायचा, चालू झालं की अमुक सेकंद तरी चालूच ठेवायचं अशी अट घालायची, गाडी हळू असताना इंजिन एकदम ओरडायला लागू नये म्हणून आरपीएमवर लगाम घालायचा. प्रत्येक अटीला थोडं मायलेज जातं. किती घालवायचं हे शेवटी माणसं गाडीत बसून ठरवतात, आणि ते बरोबरच आहे.

आता शीर्षकाकडे येते. माझा मामा पनवेलला असतो आणि पुण्याला सारखं जाणं-येणं. हायब्रिड घ्यायच्या विचारात होता, मी त्याला उत्साहात हे सगळं ऐकवत होते तर मधेच म्हणाला, "अगं ते सगळं ठीके, पण तुमच्या त्या कॉम्प्युटरला खंडाळ्याचा घाट माहितीये का?" प्रश्न चेष्टेत होता पण नेमका वर्मावर बसला.

कारण नाही माहीत. ब्रोशरवर छापलेला आकडा, उदाहरणार्थ ग्रँड विटाराच्या स्ट्रॉंग हायब्रिडचा २७.९७, तो सिम्युलेशनमधून येत नाही, डायनोवर म्हणजे रोलरवर गाडी चालवून मोजलेला असतो. पण ज्या सायकलवर मोजतात तीच सायकल डोळ्यासमोर ठेवून आम्ही वर्षभर सिम्युलेशन करतो. भारतातली सायकल म्हणजे युरोपच्या जुन्या सायकलची बहीण, ११८० सेकंदांची. शहरी तुकडा चार वेळा परत परत, त्यात वेग १५, मग ३२, मग ५०, सगळं पट्टीने आखल्यासारखं, आणि शेवटी एकदा हायवेचा तुकडा ज्यात कमाल वेग ९०. चढ नाही. उतार नाही. एसी बंद. शेजारी बसून "हळू चालव" म्हणणारं कुणी नाही. शहरी तुकड्यात उभं राहणं भरपूर, आणि उभं राहणं म्हणजे हायब्रिडची मजाच, इंजिन झोपलेलं. म्हणून त्या सायकलवर हायब्रिड चमकते. लबाडी नाहीये ही, सायकलच तशी आहे आणि ती सगळ्यांना सारखी आहे.

मामाचा घाट मात्र हिशोबात घेऊन बघू. लोणावळा ते खोपोली उतार साधारण साडेपाचशे मीटरचा. माणसं-सामान धरून गाडी १५०० किलो. वरून खाली येताना गुरुत्वाकर्षण तुम्हाला फुकट देतं ते जवळजवळ सव्वादोन किलोवॉट-तास. रस्ता पंधरा किमी धरला आणि ताशी ५० ने आलो तर टायर आणि हवा मिळून त्यातला साधारण एक किलोवॉट-तास खाणार, उरलेल्यातलं मोटर-बॅटरीत शिरताना थोडं सांडणार, तरी एक किलोवॉट-तासाच्या आसपास बॅटरीच्या दारात येऊन उभं राहतं. आणि बॅटरी केवढी? ग्रँड विटारात एकूण ०.७६. त्यातही ती शून्यापासून शंभरपर्यंत वापरत नाहीत, आयुष्य टिकावं म्हणून मधल्या पट्ट्यातच खेळवतात. समजा ६० टक्क्यांवरून ८० पर्यंत भरू दिली तर जागा आहे ०.१५ ची. घाटाच्या पहिल्या काही वळणांतच बॅटरी फुल, पुढचा सगळा उतार वाया. मग गाडी काय करते, तर मोटरने इंजिनाला पेट्रोलशिवाय नुसतं फिरवते आणि त्यात ताकद जिरवते, तो जो आवाज येतो ना उतारावर, एकदम इंजिन ओरडल्यासारखा, ज्याने लोक घाबरून सर्व्हिस सेंटरला फोन करतात, तो हाच. गाडी बिघडलेली नसते, तिच्या पोटात जागा नसते.

मामाला मी हे कागदावर काढून दाखवलं तर म्हणाला, "मग मोठी बॅटरी द्या की." दिली असती, पण मोठी बॅटरी म्हणजे किंमत, वजन, डिक्कीतली जागा, आणि वर्षातले तीनशे दिवस ती पनवेलच्या सपाट रस्त्यावर रिकामीच फिरणार. बॅटरी केवढी ठेवायची हे सिम्युलेशनमधलं सगळ्यात खर्चिक उत्तर असतं, आणि ते तुम्ही कुठला रस्ता खायला घातला त्यावर ठरतं. सपाट सायकल घातली तर छोटी बॅटरी बरोबर निघते. रोज घाट चढणाऱ्या-उतरणाऱ्या माणसाचा रस्ता घातला तर उत्तर बदलतं. माझं स्पष्ट मत आहे की आपल्याकडे गाडी डिझाइन करताना निदान एक घाट, एक मुंबईचा मे महिना आणि एक खड्ड्यांचा शहरी रस्ता हे तीन रन पहिल्या दिवसापासून कंपल्सरी असायला हवेत, सर्टिफिकेटला लागोत न लागोत. काही टीम हे करतात. सगळ्या करत नाहीत, कारण टार्गेट शीटवर त्याचा रकाना नसतो.

मे महिन्याचं का म्हणाले ते पण सांगते. हायब्रिडमधला एसी विजेवर चालतो, आणि उन्हात तापलेली गाडी थंड करायला तो दीड किलोवॉट आरामात ओढतो. बॅटरीतला वापरता येण्यासारखा हिस्सा ०.३ किलोवॉट-तास धरा, म्हणजे बारा मिनिटं. सायन-पनवेलला अडकलात की बारा मिनिटांत इंजिनाला उठून बॅटरी भरायला यावं लागतं, गाडी जागची हललेली नसली तरी. टेस्टमध्ये एसी बंद, त्यामुळे आकड्यात हे दिसतच नाही.

ब्रेकचं पण तसंच. १३०० किलोची गाडी ताशी ५० वर असताना तिच्या अंगात असतात सुमारे १२५ किलोज्यूल, म्हणजे ३५ वॉट-तास. ती बारा सेकंदात निवांत थांबवली तर सुरुवातीला सुद्धा २१ किलोवॉटच परत येतात आणि समजा बॅटरी २० घेऊ शकत असेल तर जवळजवळ सगळं आत जातं. तीच गाडी चार सेकंदात थांबवली, कारण समोर बाइकवाला घुसला, तर सुरुवातीलाच ६० च्या वर किलोवॉट येतात, त्यातले २० बॅटरीत आणि बाकीचे ब्रेक पॅड तापवायला. म्हणून एकाच सोसायटीतल्या दोन शेजाऱ्यांना एकाच हायब्रिडचं मायलेज वेगवेगळं मिळतं, आणि दोघं एकमेकांना थापाडे समजतात.

हायवेचं थोडक्यात: एक्सप्रेसवेवर सलग १०० ने जाताना साधं इंजिनसुद्धा बऱ्यापैकी चांगल्या लोडवर असतं, त्यामुळे हायब्रिडचा फायदा आपोआप आटतो. होंडा सिटी हायब्रिडमध्ये म्हणूनच एक क्लच आहे, शहरात इंजिन बहुतेक वेळ जनरेटर फिरवतं आणि मोटर गाडी ओढते, पण हायवेच्या वेगाला इंजिन सरळ चाकांना जोडलं जातं, म्हणजे पेट्रोलची वीज आणि विजेची परत ताकद असा फेरा मारून मधे सांडलवंड होत नाही.

आता हे सगळं वाचून वाटेल की स्क्रीनवर जमलं म्हणजे गाडी झाली. तर प्रियसचीच पुढची गोष्ट ऐका. १९९५ च्या शेवटी पहिला प्रोटोटाइप उभा राहिला, सिम्युलेशनमधून तावूनसुलाखून निघालेली रचना, आणि गाडी ४९ दिवस जागची हललीच नाही. शेवटी हलली तेव्हा जेमतेम काहीशे मीटर. मॉडेलमध्ये वायरिंग नसतं, कनेक्टरची सैल पिन नसते, दोन कंट्रोलर एकमेकांची वाट बघत गप्प बसलेत असं सहसा नसतं. हे पकडायला मधली एक पायरी लागते जी आता सगळीकडे आहे, हिल (हार्डवेअर-इन-द-लूप) बेंच, म्हणजे खरा ईसीयू, गाडीतला कंट्रोलरचा डबा, आणि नकली गाडी. कपाटाएवढी रॅक असते, त्यात कॉम्प्युटर गाडीचं मॉडेल दर मिलिसेकंदाला एकदा सोडवत असतो आणि ईसीयूला वाटतं आपण खऱ्या गाडीत आहोत, त्याला चाकाचा वेग मिळतो, बॅटरीचा व्होल्टेज मिळतो, तो इमानेइतबारे इंजिन चालू करा म्हणून सांगत राहतो आणि इंजिन नावाची गोष्ट तिथे नसतेच. मधे एक पेटी असते, प्रत्येक वायर त्या पेटीतून जाते, आणि आमच्या टीममधल्या लोकांचं आवडतं काम म्हणजे चालू रनमध्ये त्यातली एखादी पिन उपटणं.

एक केस सांगते. करंट सेन्सर थोडासा खोटं बोलतोय, फक्त अर्धा अँपियर. करंट जमा-वजा करूनच एसओसी काढतात, तेव्हा ०.७६ किलोवॉट-तासाच्या बॅटरीत, जी साधारण सव्वाचार अँपियर-तासांची असते, तासाभरात अर्धा अँपियर-तास इकडचा तिकडे होतो. म्हणजे एसओसीत बारा टक्क्यांचा घोळ. कंट्रोलरला वाटतं बॅटरी ६० वर आहे, असते ४८ वर. तासाभराचा ट्रॅफिक, आणि मग चढावर मोटरची मदत मागितली की बॅटरी हात वर करते. म्हणून नुसत्या करंटवर विसंबायचं नसतं, व्होल्टेज आणि तापमान बघून मधे मधे अंदाज सुधारावा लागतो, आणि तो सुधारणारा कोड बेंचवर असे खोटे सेन्सर लावून लावून घासला जातो. खऱ्या गाडीत ही टेस्ट करायची तर सेन्सर बिघडवून घाटात जावं लागलं असतं.

पुणेकरांसाठी एक आठवण: २०१० मध्ये इथल्याच केपीआयटी या सॉफ्टवेअर कंपनीने भारत फोर्जला सोबत घेऊन रेव्होलो नावाचं किट आणलं होतं, वापरातल्या पेट्रोल गाडीला मोटर आणि बॅटरी जोडून हायब्रिड करायचं. कल्पना मस्त होती, पेपरात फोटो वगैरे. घरोघरी मात्र ते पोचलं नाही. विचार केला तर हे काम नवीन हायब्रिड बनवण्यापेक्षा अवघड आहे, कारण रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीचं इंजिन, वय आणि मालकाची सवय वेगळी, आणि तुमच्याकडे मॉडेल कुणाकुणाचं असणार.

ज्यांना हे घरी करून बघायचंय त्यांच्यासाठी: एनआरईएलनेच केलेलं फास्टसिम नावाचं टूल फुकट आहे, पायथॉनमध्ये चालतं, अॅडव्हायझरपेक्षा बरंच साधं. त्यात तयार गाड्या आहेत, काही हायब्रिडही. मोबाइलवर जीपीएस लॉगर टाका, सेकंदाला एक नोंद असं सेटिंग ठेवा, रोजच्या रस्त्याने जाऊन या, वेगाचा कॉलम सायकल म्हणून घाला, आधी साध्या पेट्रोल गाडीवर आणि मग हायब्रिडवर चालवा, आणि एसओसी जुळलाय का ते बघायला विसरू नका. शोरूममधल्या पोराने सांगितलेल्या आकड्यापेक्षा हा फरक तुमच्या जास्त कामाचा. फक्त उंचीचा कॉलम जीपीएसवरून सरळ उचलू नका. फोनची उंची दर सेकंदाला चार-पाच मीटर वर-खाली उडत असते, ती तशीच घातली की कर्वे रोडवर तीस टक्क्यांचा चढ उगवतो आणि गाडी बिचारी चढतच नाही. आधी ती रेघ नीट गुळगुळीत करून घ्या, नाहीतर नकाशावरून उंची काढा. मामाचा घाट मी तसाच केला.